शिसपेन्सिल

पूर्वी मतदान पहाटे सहाला उघडायचं
आणि साडेसातला आटपायचं.
लाल डबा, एक कागद, कागदावर एकच नाव.
घडी घाला, टाका, बाहेर या.
बाहेर सहकारी शेतीचा बँड
आणि त्या दिवसापुरती दुकानात संत्री.

कोपऱ्यात पडदा होता.
पडद्यामागे टेबल, टेबलाला दोऱ्याने बांधलेली शिसपेन्सिल.
तिला टोक काढणं माझं काम, शाळामास्तर म्हणून.
दर खेपेला ते टोक तसंच कोरं परत मिळायचं.
पडद्यामागे जाऊन आलेला माणूस
घरी जाईलच असं नव्हतं.

ब्याऐंशी साली दोरा घट्ट आहे का बघायला
मी साडेपाचला आत गेलो. खिशात माझा कागद होता.
का केलं, ते आजही सांगता येत नाही.
रागसुद्धा नव्हता.
टोक छान निघालं होतं, एवढंच.

मतं चारशे बारा.
त्यातल्या एका कागदावर रेघ,
डावीकडून उजवीकडे चढत गेलेली.
तिरानाला आकडा चारशे बाराच कळवला.
मग हिशेब जुळवायला
गावातला माणूस एक कमी करावा लागला.

जोडे शिवणारा नाशो डावखुरा होता,
आणि चामड्यावर खुणा करायची पेन्सिल
त्याच्या कानावर सदाची.
जीप आली तेव्हाही ती कानावरच होती.
माझा भूगोलाचा तास चालू होता.
मी मुलांना नद्या विचारत राहिलो.

आज रविवार, मार्चची एकतीस.
रांग शाळेपासून खालच्या बंकरपर्यंत.
ब्रिगेडियर जेव्हाहिर रांगेच्या कडेने फिरतोय,
"जुने जमीनदार परत येतील, दारची गाय नेतील,"
असं कुणालाच उद्देशून न बोलता बोलतोय.
शहरातली पोरं ट्रकमधून दोन बोटं उंचावत गेली,
तेव्हा रांगेतले हात खिशात गेले.
रबरी बूट घातलेल्या परदेशी निरीक्षकाने
दुभाष्याकडून मला विचारलं, आज काय वाटतंय?
म्हटलं, गारठा आहे.

अकराच्या सुमाराला पोलिक्सेनी आली. नाशोची.
चष्म्याची एक काच तडकलेली.
"किती नावं?"
"तीन. नको ती खोडायची."
"पेन्सिलीला टोक आहे?"
"आहे."
"तुम्हीच काढलंत?"
मी यादीत तिचं नाव शोधत राहिलो.
ते समोरच होतं.

आत ती फार वेळ होती.
रांगेत कुणी खोकलं. कुणी म्हणालं, झोपली की काय.
बाहेर आली, कागद डब्यात सोडला,
आणि दारातून जाताना दिसलं,
काळ्या रुमालाखाली, डाव्या कानावर पेन्सिल,
तुटलेला दोरा खांद्यावर लोंबत.
कुणी अडवलं नाही. अडवायचं काम माझं होतं.

नोंदवहीत लिहिलं: पेन्सिल एक, गहाळ.
निरीक्षकाने त्याचं पेन दिलं.
रांग पुढे सरकली.

रात्री कंदिलाच्या उजेडात मोजलं.
आमच्या गावात जुनाच पक्ष आला, दोनशे सत्त्याण्णव मतांनी.
गाय वाचली.
शहरात म्हणे उलटं झालं,
पण ते रेडिओवर उशिरा कळलं.
पोलिक्सेनीचं मत कुठल्या गठ्ठ्यात, कळायला मार्ग नव्हता.
त्यासाठीच म्हणे हे सगळं.

डब्यांना लाख लावून निघालो.
वाटेत तिच्या खिडकीत दिवा.
पुढे जाऊन परत आलो. पुन्हा गेलो.
कुत्रं भुंकून भुंकून गप्प झालं.
शेवटी दार वाजवलं.

आतून तिने विचारलं, "कोण?"

सोपा प्रश्न.
कागदावर एकच नाव.